अटकेपासून निकालापर्यंत: एका अभ्यासवर्गाचा अभिप्राय

अमेरिकेतील आमच्या काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात फौजदारी खटल्यातील आरोपीच्या घटनात्मक हक्कांविषयी सहा संध्याकाळींचा विनामूल्य अभ्यासवर्ग झाला. अनेक वर्षे पब्लिक डिफेंडर, म्हणजे वकील न परवडणाऱ्या आरोपींचा सरकारने नेमलेला बचाव वकील, म्हणून काम करून निवृत्त झालेल्या वकीलबाईंनी तो घेतला. मी सहाही संध्याकाळी उपस्थित होतो. ग्रीन कार्डावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हा वर्ग अवश्य करावा, असे माझे मत आहे. मात्र त्यात एक मोठी उणीव आहे.

बाईंची शिकवण्याची पद्धत उत्तम होती. 1791 मध्ये संमत झालेल्या अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दहा घटनादुरुस्त्या पाठ करून घेण्याऐवजी बाई प्रत्येक हक्कामागचा माणूस समोर उभा करीत. फ्लोरिडाच्या तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिणाऱ्या क्लॅरन्स गिडियनमुळे 1963 मध्ये, गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात वकील परवडत नसलेल्या आरोपीला तो सरकारने पुरवावा, असा निर्णय झाला. आणि वकील मिळाल्यावर फेरखटल्यात गिडियन निर्दोष सुटला. हे ऐकताना वकिलाचा हक्क देणारी सहावी घटनादुरुस्ती वेगळी समजावून सांगण्याची गरजच उरली नाही.

सर्वांत मोलाची ठरली ती मौनाच्या हक्काची संध्याकाळ. 1966 च्या मिरांडा निकालातील सूचना, म्हणजे गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क असल्याची माहिती, पोलिसांनी दिली नाही, की खटलाच रद्द होतो, असा माझ्यासह बहुतेकांचा समज होता. प्रत्यक्षात ती सूचना कोठडीतील चौकशीपुरतीच बंधनकारक आहे आणि ती दिली नाही, तर सर्वसाधारणपणे त्या चौकशीतील जबाब सरकारी वकिलाला आरोप सिद्ध करण्यासाठी वापरता येत नाही. खटला इतर पुराव्यावर चालू राहू शकतो. त्याहून धक्का बसला तो 2010 च्या थॉम्पकिन्स प्रकरणाने. जवळजवळ तीन तास बहुतांशी गप्प राहिलेल्या आरोपीने शेवटी दिलेले एका शब्दाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले, कारण आपण मौनाचा हक्क बजावत आहोत, असे त्याने स्पष्ट सांगितलेच नव्हते. बाईंनी आम्हा प्रत्येकाकडून ‘मी बोलणार नाही, मला वकील हवा आहे’ हे वाक्य इंग्रजीत मोठ्याने म्हणवून घेतले. सुरुवातीला संकोच वाटला, पण भेदरलेल्या अवस्थेत तोंडून निघायचे, तर ते आधी जिभेवर बसायला हवे, हे त्यांचे म्हणणे मला पटले.

झडती, वॉरंट आणि जामीन हे विषय पुरेशा स्पष्टतेने झाले. फोन जप्त केला, तरी त्यातील मजकूर पाहण्यास सहसा स्वतंत्र वॉरंट लागते, हा 2014 चा नियम तर प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

उणीव आहे ती वेळेच्या वाटपात. ज्यूरीच्या निवडीसाठी आणि सुनावणीसाठी पूर्ण दोन संध्याकाळी दिल्या आणि प्ली बार्गेन, म्हणजे सवलतीच्या बदल्यात गुन्हा कबूल करण्याचा सौदा, जेमतेम अर्ध्या तासात उरकला. सर्वोच्च न्यायालयानेच 2012 मध्ये नमूद केले होते, की फेडरल, म्हणजे केंद्रीय, न्यायालयांतील सुमारे 97 टक्के आणि राज्यांतील सुमारे 94 टक्के दोषसिद्धी अशा कबुलीतून होतात. म्हणजे ज्यूरीसमोर जाणारा आरोपी विरळा. कबुली देताना आपण ज्यूरीचा, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा आणि मौनाचा, असे तिन्ही हक्क सोडून देतो, हे सांगितले गेले. पण सरकारी वकिलाच्या प्रस्तावाची मुदत, तो आरोपीपर्यंत पोहोचवण्याची वकिलाची जबाबदारी आणि कबुली मागे घेण्यातील अडचणी यांवर फारसे बोलणे झाले नाही. गैरनागरिक आरोपीला कबुलीमुळे देशाबाहेर पाठवले जाण्याचा धोका असल्यास तो वकिलाने सांगितलाच पाहिजे, हा 2010 चा पडिल्ला निकाल तर एका श्रोत्याने विचारले म्हणून दोन मिनिटे निघाला. वर्गात निम्मे लोक परदेशातून आलेले असताना हे मला फार खटकले.

अभिप्रायाच्या कागदावर मी ज्यूरीची एक संध्याकाळ कमी करून ती प्ली बार्गेनला द्यावी, असे सुचवले आहे. वसंत ऋतूतील पुढच्या वर्गासाठी नावनोंदणी ग्रंथालयाच्या खिडकीवर सुरू झाली असून जागा मोजक्याच आहेत.