वेंगुर्ल्यातल्या माडीवर बांबूचे फ्लोअरिंग: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

आमच्या चिऱ्याच्या घरात माडीवरच्या दोन खोल्यांना मागच्या हिवाळ्यात बांबूचे फ्लोअरिंग करून घेतले. त्यानंतर उन्हाळा गेला, मिरगापासून गणपतीपर्यंतचा पाऊस गेला आणि ऑक्टोबरचे ऊनही तापून गेले. किनारपट्टीवर अशा जमिनीबद्दल मत द्यायचे तर मध्ये एक पावसाळा जायलाच हवा, म्हणून इतके दिवस थांबलो. माडीवर हे काम उत्तम टिकले आहे आणि पुन्हा करायचे झाले तरी मी हेच घेईन. तळमजल्यावर मात्र कोणी घालणार असेल तर मी त्याला परावृत्त करीन.

दुकानात बांबूच्या पट्ट्या या एकाच नावाखाली वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. चिपा आडव्या किंवा उभ्या चिकटवून केलेली पट्टी दिसायला सुंदर असते आणि बांबूची पेरे तिच्यावर स्पष्ट दिसतात. स्ट्रँड वोव्हन प्रकारात बांबूचे धागे वेगळे करून राळेत भिजवतात आणि प्रचंड दाबाखाली एकजीव करतात. कठीणपणा मोजण्याच्या जांका मोजमापावर ओकचे लाकूड 1,300 च्या आसपास येते, साधी बांबूची पट्टीही साधारण तिथेच असते आणि स्ट्रँड वोव्हन 3,000 च्या घरात जाते. वाफेवर भाजून तपकिरी केलेला रंग अनेकांना आवडतो, परंतु त्या प्रक्रियेत बांबू काहीसा मऊ पडतो. म्हणून आम्ही नैसर्गिक फिकट रंगाची स्ट्रँड वोव्हन पट्टी निवडली. आपल्या सिंधुदुर्गात माणग्याचा भरीव बांबू मुबलक आहे आणि कुडाळची कॉनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था त्यापासून घरे व फर्निचर घडवते, पण बाजारातल्या फ्लोअरिंगच्या पट्ट्या बहुतेक चीनमधल्या मोसो बांबूच्या असतात.

विक्रेत्याने ही जमीन वॉटरप्रूफ असल्याचे सांगितले होते. ते खरे नाही आणि ग्राहकाला असे सांगणे योग्यही नाही. बांबू हे गवत आहे. त्याचा धागा हवेतला दमटपणा घेतो आणि हवा कोरडी झाली की सोडतो. वरचा थर सांडलेले पाणी थोडा वेळ थोपवतो, पण आषाढ-श्रावणात आठवडेच्या आठवडे आर्द्रता 85 ते 90 टक्क्यांवर राहते, तेव्हा ओलावा सांध्यांतून आणि खालच्या बाजूने पट्टीत शिरतोच. स्ट्रँड वोव्हन पट्टी दाट असल्यामुळे तो सावकाश शिरतो, आणि म्हणूनच तिला खोलीच्या हवेशी जुळवून घ्यायलाही वेळ लागतो. खोक्यावर 72 तास लिहिलेले असते. ते वातानुकूलित घरांसाठी ठीक आहे. आम्ही खोकी उघडून, पट्ट्यांच्या थरांमध्ये रिपा घालून, त्याच खोलीत खिडक्या उघड्या ठेवून काही आठवडे रचून ठेवल्या, आणि हा वेळ वाया गेला असे मला कधीही वाटले नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट भिंतीलगतची फट. सुतारांना पट्टी भिंतीला भिडवून बसवण्याची सवय असते, कारण काम सफाईदार दिसते. आम्ही चारही बाजूंना 12 मिलिमीटर जागा सोडायला लावली आणि ती झाकणारी स्कर्टिंगची पट्टी जमिनीला न ठोकता भिंतीला ठोकली. जमीन चिकटवलेली नाही. स्लॅबवर 200 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, त्यावर पातळ फोम आणि त्यावर एकमेकांत अडकवलेल्या पट्ट्या अशी रचना आहे. श्रावणात पश्चिमेकडच्या भिंतीची स्कर्टिंग मुद्दाम काढून पाहिली. हिवाळ्यात जिथे करंगळीचे टोक सहज जात होते, तिथे जेमतेम 4 मिलिमीटर फट उरली होती. फट सोडली नसती तर ही सगळी वाढ खोलीच्या मध्यभागी फुगवटा होऊन वर आली असती. ऑक्टोबरनंतर फट पुन्हा रुंदावली आहे आणि मधले सांधे कुठेही उघडलेले नाहीत.

पट्टी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पट्ट्या कोणत्या दिशेने घालायच्या हे केवळ उजेड पाहून न ठरवता, खोलीची लहान बाजू रुंदीच्या दिशेला येईल असे पाहावे.

रोजच्या वापरात पाण्यापेक्षा वाळूचा त्रास जास्त आहे. समुद्रावरून आलेल्या पायांची वाळू दारापाशी पडते आणि तेवढ्याच जागेची चकाकी आता किंचित मंदावली आहे. बाकी खोलीत ओरखडा नाही. दाराबाहेर काथ्याचे पायपुसणे ठेवले आहे. रबराच्या पाठीचे पायपुसणे आत ठेवू नये, त्याखाली ओल कोंडते आणि डाग पडतो. पुसण्यासाठी घट्ट पिळलेला फडका पुरतो. झडीच्या दिवसांत खिडकीखालचा भाग लगेच कोरडा करावा लागतो, या कामात मात्र कंटाळा करून चालत नाही.

खरेदी करताना चिकटद्रव्याची चौकशी अवश्य करावी. उष्ण आणि दमट हवेत युरिया-फॉर्मल्डिहाइड या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड वायू अधिक सुटतो. फेनॉलिक राळ ओलाव्यात जास्त टिकाऊ असते. निदान ई-1 दर्जाचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड मर्यादेत सुटत असल्याचा दाखला मागावा. भुंग्याची भीती अनेक जण बोलून दाखवतात. भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो, म्हणून कारखान्यात बांबू उकळून किंवा बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया करून घेतलेला आहे का, हे विचारावे. आमच्याकडे अद्याप भुसा दिसलेला नाही.

तळमजल्याबद्दल मी ठाम आहे, कारण जांभा सच्छिद्र असतो आणि जुन्या जोत्यात ओल अडवणारा थर बहुधा नसतो. ओटीवर आणि माजघरात मी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला चिकटवून रात्रभर ठेवला, तर सकाळी आतून दव जमलेले होते. माडीच्या स्लॅबवर तोच तुकडा कोरडा निघाला. जिथे दव जमते तिथे बांबू घालू नये. आम्ही खाली लाल कोबाच ठेवला आहे. शेवटची एक सूचना म्हणजे त्याच खेपेच्या दोन खोकी जास्त घेऊन कोरड्या जागी ठेवाव्यात, कारण पुढच्या खेपेचा रंग आणि खाचा जुळतीलच असे नाही.