रत्नागिरीजवळची रोपवाटिका: जायफळासाठी जा, सफरचंदासाठी नको

पुण्याहून रत्नागिरीला कायमचे राहायला आलो तेव्हा पुण्याचीच बाग इथे उभी करायचा माझा बेत होता. हौसेने आणलेल्या गुलाबांची पाने पहिल्याच पावसाळ्यात काळे ठिपके पडून गळाली आणि ऑक्टोबरपर्यंत नुसते खुंट उरले. त्यानंतर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी शहराबाहेरच्या या रोपवाटिकेत जाऊ लागलो. हा अभिप्राय तीन वर्षांच्या खरेदीवर आधारलेला आहे.

इथे रोप दाखवण्याआधी तुमची जागा विचारतात. घर समुद्रापासून किती लांब, खाली माती किती आणि कातळ किती, आवारात माड आहेत का, असे प्रश्न तिथल्या काकांनी विचारले आणि माड आहेत म्हटल्यावर मी निवडलेली रोपे बाजूला ठेवून जायफळाची कलमे पुढे केली. त्यामागचे कारण सरळ आहे. पुण्याचा पारा वर्षभरात दहाच्या खाली आणि चाळिशीच्या घरात जाऊन येतो. किनाऱ्यावर समुद्र ही दोन्ही टोके बोथट करतो, त्यामुळे जानेवारीच्या रात्रीही बोचरी थंडी क्वचितच पडते आणि मे महिन्यातला उकाडा असह्य असला तरी हवा कोरडी नसते. जायफळाला असेच दमट हवामान आणि माडाची विरळ सावली मानवते. पाऊस मात्र चार महिन्यांतच कोसळून जातो, म्हणून उन्हाळ्यात पाणी घालावेच लागते, हेही त्यांनी विक्रीआधीच बजावले.

जायफळात आणि कोकमात नर-मादी झाडे सहसा वेगळी असतात आणि बियांपासून वाढवलेले रोप काय निघाले हे फुलोरा येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. इथे मादी झाडाच्या काडीची कलमे मिळतात आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जातही असते. घेताना बुंध्याजवळचा कलमाचा सांधा मात्र स्वतः पाहावा. मला दिलेल्या चार कोकमांपैकी एकाला सांधाच नव्हता, ते साधे बियांचे रोप होते. ते त्यांनी बदलून दिले, पण त्यासाठी दोन खेपा आणि बरीच वादावादी करावी लागली.

माझी खरी तक्रार दारातल्या सफरचंदांबद्दल आहे. ही कमी थंडीत येणारी जात आहे, असे सांगून पर्यटकांना ती विकली जाते. ‘कमी थंडी’ म्हणजे थंडीच नको, असे नव्हे. इथे एखाद्या वर्षी हापूसला मोहोर धरण्यापुरतीही थंडी पडत नाही, तिथे सफरचंदाची काय कथा! काकांना खासगीत विचारले तेव्हा ते नुसते हसले; गल्ल्यावरच्या मुलाने मात्र तेच रोप पुढच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत ठेवले.

दर बाजारापेक्षा थोडे चढे आहेत, पिशवीतली माती चांगली आहे. लागवडीसाठी पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्यावर जावे; त्या दिवसांत गर्दी होते आणि जायफळाची कलमे लवकर संपतात, म्हणून मेमध्येच सांगून ठेवलेले बरे.