शाळेची सायकल की संध्याकाळची कबड्डी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल आहे. शिवाय आठवड्यातून तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारी.

शाळा चार किलोमीटरवर असली की सायकलच्या जाण्या-येण्यात निम्मा वाटा सहज निघतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतातही. पण भार सीटवर, हाडांना ताण कमी.

हा ताण कबड्डीत भरपूर, वर सवंगडी. अडचण मैदानाची: सोयाबीन निघालं की तिथं ढीग! आणि मोठ्या मुलींना खेळायला बोलावतं कोण?

माझं मत सायकलला. कबड्डी जमेल तेव्हा. उन्हाळ्यात मात्र दोन्ही उन्हाआधीच.