भावाची पाटी लावणारं दुकान: तीन महिने किराणा घेतला, सविस्तर रिव्ह्यू

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, कोथरूडमधे आतल्या गल्लीत एक छोटं दुकान आहे, एकच गाळा. नाव लिहीत नाहीये, कारण खाली एक तक्रार पण आहे आणि ती मी त्यांना समोरासमोर सांगितलीये, उगाच नावानिशी फिरायला नको. तांदूळ, डाळी, गूळ, मध, कॉफी, रिठ्याची पावडर, साबण, असला रोजचा घरातला माल. सगळं थेट शेतकऱ्यांकडून नाहीतर बचत गटांकडून. आता असं तर सगळेच म्हणतात, मॉलमधे अर्ध्या पाकिटांवर हिरवं पान आणि हसणाऱ्या शेतकऱ्याचा फोटो असतोच. पण इथे दारातच एक काळा फळा आहे आणि त्यावर खडूने प्रत्येक मालापुढे तीन आकडे लिहिलेत, पिकवणाऱ्याला किती गेले, कांडप-पॅकिंग-भाड्याला किती, आणि दुकानाने किती ठेवले. पहिल्या दिवशी मी रिकामी पिशवी हातात धरून तो फळाच वाचत उभी होते.

तांदळापासून सांगते. आजरा घनसाळ, १४० रुपये किलो. फळ्यावर शेतकऱ्याचे ९०, कांडप आणि गाडीभाडं २८, दुकानाचे २२. महाग आहे, मान्य. रोजच्या भाताला आम्ही अजून कोलमच खातो, घनसाळ रविवारी आणि सणाला. पण कुकर उघडला की वास शेजारच्या काकूंपर्यंत जातो आणि साधं वरण-तूप घातलं तरी जेवण झाल्यासारखं वाटतं. या तांदळाला २०१६ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तरी उतारा संकरित भातापेक्षा कमी, त्यामुळे भाव नाही मिळाला तर शेतकरी तो लावायचं सोडून देणार हे उघड आहे. म्हणून ते ९० रुपये महत्त्वाचे.

तक्रार इथलीच. दुसऱ्या महिन्यात पाच किलो घेतला आणि घरी डब्यात ओतला तर टोके. एकदोन नाही, चाळणी फिरवली तर चांगलेच निघाले. फोन केला तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, केमिकल नाही ना, म्हणून होतंच." मला हे अजिबात पटलं नाही. केमिकल नको म्हणजे राखण पण नको असं कुठंय? आमची आई वर्षाचं धान्य कडुनिंबाचा पाला घालून, डाळींना एरंडेल चोळून, उन्हं दाखवून टिकवायची. हातसडीच्या तांदळावर कोंडा असतो, त्याला कीड लवकर लागते, म्हणून तो थोडा थोडा कांडून आणायचा असतो, पोत्यानं आणून कोपऱ्यात ठेवायचा नसतो. आणि शेतकऱ्याला नीट भाव देऊन घेतलेला माल दुकानात किडला तर त्या भावाचा उपयोग काय झाला? दुसऱ्या दिवशी मालकीणबाई भेटल्या, त्यांना हेच सांगितलं. त्यांनी तांदूळ परत घेतला, नवीन दिला, आणि आता पाकिटावर कांडपाची तारीख टाकतात. तिसऱ्या महिन्यात काही त्रास नाही.

कॉफी. अराकू खोऱ्यातली, आंध्रच्या डोंगरातली, आदिवासी शेतकऱ्यांनी सावलीत वाढवलेली. चिकोरी नाही, त्यामुळे पहिले चार दिवस पातळ वाटली, मग जुनी नको झाली. इथे जरा थांबून ते फेअर ट्रेडचं गणित सांगते, कारण मला स्वतःला ते नीट माहिती नव्हतं आणि बरेच जण ऑरगॅनिक आणि फेअर ट्रेड एकच समजतात. ऑरगॅनिक म्हणजे शेतात काय घातलं. फेअर ट्रेड म्हणजे पिकवणाऱ्याच्या हातात काय पडलं. १९८८ मधे नेदरलँड्समधे मेक्सिकोतल्या छोट्या शेतकऱ्यांच्या कॉफीला असलं पहिलं लेबल लागलं. आपल्या हमीभावासारखंच समजा, फक्त तो सरकार नाही तर माल घेणारा देतो. बाजार कितीही पडला तरी ठरलेल्या भावाच्या खाली घ्यायचं नाही, आणि बाजार वर असला तर बाजारभाव द्यायचा. वॉश्ड अरेबिकाला (कॉफीची एक जात, फळाचा गर धुऊन काढलेली) हा किमान भाव आधी एका पौंड वजनाला, म्हणजे साधारण अर्ध्या किलोला, १.४० डॉलर होता, ऑगस्ट २०२३ पासून १.८० केला. त्यावर २० सेंट प्रीमियम वेगळा, तो शेतकऱ्यांच्या सोसायटीकडे जातो आणि शाळा, रस्ता, कॉफीचं फळ सोलायचं पल्पर मशीन, कशावर खर्च करायचा ते सभासदच ठरवतात.

आता २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिकाचा बाजार चार डॉलरच्या वर गेला होता, म्हणजे त्या वेळी किमान भावाची गरजच पडली नाही. काही जण यावरून म्हणतात की मग लेबल काय कामाचं. अहो, छत्रीची किंमत पाऊस आला की कळते. ज्यांनी कांद्याचा भाव दोन रुपयांवर आलेला बघितलाय त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

एक मात्र खरं, लेबल मिळवायला पैसे आणि कागदपत्रं लागतात, आणि दहाबारा बायकांच्या गटाला ते झेपत नाही. त्यामुळे लेबल नाही म्हणजे लबाडी असं धरू नका. या दुकानातल्या बऱ्याच मालावर आंतरराष्ट्रीय शिक्का नाहीये, फळा आहे. मला फळा जास्त आवडला, कारण शिक्का बघून मी पुढे जाते आणि फळा बघून प्रश्न विचारते.

मध महाबळेश्वरकडचा, सातेरी माश्यांच्या पेट्यांमधला. त्या तालुक्यातलं मांघर २०२२ मधे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, घरटी पेट्या आहेत तिकडे. चव जांभूळ-हिरड्याच्या रानाची, किंचित तुरट, नुसता गोड नाही. थंडीत बाटलीत खाली साखरेसारखा गोठला म्हणून सासूबाईंना शंका आली, पण गोठणं हा मधाचा स्वभावच आहे, कोमट पाण्यात बाटली ठेवली की सुटतो. डिसेंबर २०२० मधे सीएसई या दिल्लीच्या पर्यावरण संस्थेने तेरा ब्रँडचा मध तपासून घेतला होता, त्यातले तीनच सगळ्या चाचण्यांत पास झाले. साखरेचा पाक मध म्हणून स्वस्तात विकला जातो तेव्हा खऱ्या पेटीवाल्याचा भाव पडतो, फसवणूक आपली एकट्याची होत नाही.

पापड हे दुकान ठेवत नाही. मी विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, "लिज्जत आहे की तुमच्या वाण्याकडे." आणि खरंच आहे ते. आपण एथिकल म्हटलं की काहीतरी नवीन, खाकी पाकिटातलं, महागडं शोधत बसतो, आणि १९५९ मधे गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर सुरू केलेला पापड प्रत्येक गल्लीत मिळतो, ज्यात लाटणारी बाई स्वतः सभासद आहे, नफ्यात वाटेकरी आहे. सकाळी भिजवलेलं पीठ घेऊन जायचं, घरी लाटायचं, दुसऱ्या दिवशी पापड देऊन लाटणावळ घ्यायची. हे दुकानात नसलं तरी रिव्ह्यूत लिहितेय, कारण महिन्याच्या बजेटात सगळंच महाग घेणं कुणालाच परवडत नाही आणि हे परवडतं.

घरगुती वस्तूंमधे दोन गोष्टी. रिठ्याची पावडर ठीकठाक. कपबशा, काचा छान निघतात, पण खरपूस लागलेल्या कढईला नाही जमत आणि आमच्या कामाच्या मावशींना फेस दिसत नाही म्हणून त्या जास्त पावडर घेतात, पाकीट लवकर संपतं. दुसरी वस्तू मात्र प्रत्येक घरात असावी. पॅड टाकायच्या कागदी पिशव्या, जुन्या वर्तमानपत्राच्या, पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिलांच्या. ‘स्वच्छ’ ही त्याच लोकांच्या मालकीची सहकारी संस्था, १९९३ च्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली. रोज सकाळी जी ताई आपला कचरा हाताने वेगळा करते तिच्या हाताला आपलं वापरलेलं पॅड उघडं लागू नये, एवढी साधी गोष्ट आहे. पिशवी नसेल तर कागदात गुंडाळून लाल ठिपका काढा, तिला बाहेरूनच कळतं. ही वस्तू मी चार मैत्रिणींना नेऊन दिली.

आता साखर. या दुकानात साखरच नाही. पहिल्या महिन्यात यादी घेऊन गेले, सगळं मिळालं, साखर नाही म्हणल्या. मला वाटलं तब्येतीचं कारण असेल, हल्ली साखर म्हणजे विष वगैरे. मालकीणबाई म्हणाल्या, "तसं नाही. फळ्यावर ऊस तोडणाऱ्याला किती मिळाले ते मला लिहिता येत नाही, म्हणून ठेवत नाही."

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती पण मी तिथे काउंटरला हात टेकवून गप्प उभी राहिले. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीपायी आमची अर्धी गल्ली रिकामी व्हायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली असते, आणि मग सहा महिने ती फेडायची. पहाटे अंधारात फडात, रात्री गाडी भरायची, राहायला कोप्या, संडास नाही, पाणी लांब. एक दिवस आजारी पडलं तर खाडा, म्हणजे मजुरी तर नाहीच, वर दंड. वहीत नाव पुरुषाचं, बाईने तोडलेल्या उसाचा वेगळा हिशोबच नाही. पाळी आली तरी सुट्टी नाही, म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायका गर्भपिशवी काढून येतात. २०१९ मधे सरकारने समिती नेमली, एकट्या बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. माझ्या वर्गातली एक मुलगी सहावीनंतर शाळेत आलीच नाही, धाकट्या भावाला सांभाळायला फडावर गेली. तिचं आता काय झालं असेल ते मला अंदाजाने पण लिहवत नाही. ही साखर आपण चहात घालतो, आणि पाकिटावर शुद्ध, सल्फर-फ्री, सगळं लिहिलेलं असतं.

म्हणून मी गुळाबद्दल विचारलं. गूळ ते ठेवतात, कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाचा, ११० रुपये किलो, काळपट तांबूस, हायड्रोस (रंग उजळ करायचं केमिकल) न घालता भेंडीच्या रसाने मळी काढलेला. चव अप्रतिम, पुरणपोळीला जरा गडद रंग येतो पण खमंगपणा वेगळाच. फळ्यावर तीन आकडे होते. मी म्हणलं, ऊस पिकवणाऱ्याचे लिहिलेत, पण तोडला कुणी? त्यांना माहिती नव्हतं आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. माझ्यासमोरच गुऱ्हाळवाल्यांना फोन लावला. ते दादा म्हणाले, गावातलीच माणसं तोडतात, उचल वगैरे नाही, रोजच्या हजेरीवर, बाईची हजेरी वेगळी. मी विचारलं, बाप्याला आणि बाईला सारखीच का? तर म्हणाले, नाही ताई, बाईला कमी. मालकीणबाई फोनवरच म्हणाल्या की किलोमागे दोन रुपये वाढवा पण हजेरी सारखी करा.

पंधरा दिवसांनी गेले तर गुळाचा भाव ११२ झालेला आणि त्या ओळीत चौथा आकडा लिहिलेला, तोडणी. बाकी कुठल्याच ओळीत नाही, डाळीत नाही, कॉफीत नाही. मी आता तुरीबद्दल विचारलंय, काढणी कुणी केली म्हणून, त्या म्हणाल्या विचारून सांगते.

साखर मी अजून वाण्याकडून आणते, महिन्याला पाच किलोची आता दोन किलोवर आलीये. दुकान सोमवारी बंद असतं, यूपीआय चालतं, पिशवी आणि मधाची रिकामी बाटली घरून न्या, बाटलीचे दहा रुपये कमी करतात. तांदूळ घेताना कांडपाची तारीख बघा. गुऱ्हाळं मार्चच्या आसपास बंद होतात, तेव्हा वर्षाचा गूळ घ्यायचा असेल तर फेब्रुवारीतच सांगून ठेवा.