प्लिकर्स: चाळीस मुलांच्या वर्गात एकच फोन पुरतो का?

पुरतो. प्लिकर्स हे बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं फोनच्या कॅमेऱ्यानं टिपणारं अ‍ॅप. फोन शिक्षकाच्या हातात आणि मुलांच्या हातात छापलेलं कार्ड, एवढ्यावर ते चालतं. गूगल फॉर्म असो की कहूटसारखी ऑनलाइन प्रश्नमंजूषा, प्रत्येक मुलाकडे काहीतरी उपकरण आहे असं धरूनच ती चाचणी बेतलेली असते, आणि मराठी माध्यमाच्या बऱ्याच वर्गांत गाडी तिथंच अडते. इथं ती अडत नाही.

कार्डावर काळ्या चौकोनांची नक्षी असते, क्यूआर कोडच्या जातीची पण त्याहून ठसठशीत. चार बाजूंना अगदी बारीक टायपात ए, बी, सी, डी ही इंग्रजी अक्षरं आणि सोबत कार्डाचा क्रमांक. आपल्या उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, शिक्षकानं कॅमेरा वर्गावरून फिरवायचा, झालं. प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी असल्यानं शेजाऱ्यानं काय निवडलं ते सहजी कळत नाही. ‘किती जणांचं उत्तर ब?’ असं विचारल्यावर पहिल्या बाकाकडे बघून मागचे हात वर जातात, तो प्रकार इथं बंद होतो.

छपाईपासून काळजी घ्यावी लागते. चाळीस कार्डांचा संच एका पानावर दोन याप्रमाणे ए-फोरच्या वीस पानांत बसतो. मोठा पट असेल तर त्रेसष्ट कार्डांचाही संच आहे. साध्या झेरॉक्सच्या कागदावर छापू नका. कागद वाकला की नक्षी वाकते आणि कॅमेरा ती वाचत नाही. जाड कार्डशीट घ्या. चकचकीत लॅमिनेशन हा सगळ्यांत महागात पडणारा उत्साह: ट्यूबलाइटचा किंवा खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि नेमकी तीच कार्डं सुटतात. करायचंच तर मॅट करा. नक्षीभोवतीची पांढरी किनार कापून टाकू नका, मुलांची बोटं तिथंच राहायला हवीत.

खालच्या वर्गांसाठी आणखी एक काम. आपल्या प्रश्नपत्रिकेत पर्याय असतात अ, ब, क, ड. कार्डावर सी, फळ्यावर क, आणि मूल गोंधळतं. त्या बारीक अक्षरांशेजारी पेनानं अ, ब, क, ड लिहून द्या, पण लहानच. ठळक लिहिलंत तर समोरच्याला दिसतं आणि गुप्तता गेली.

वेबसाइटवर वर्ग तयार करताना कार्ड क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. क्रमांक कार्डाचा आणि नावं वर्गाची, त्यामुळे एकच संच पाचवी-सहावीच्या सगळ्या तुकड्यांना चालतो. अ‍ॅपची भाषा इंग्रजी असली तरी प्रश्न मराठीत टाकता येतात, अट एकच: मजकूर युनिकोडमध्ये हवा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका चिकटवली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो. गणिताची मांडणी टाइप करत बसण्यापेक्षा तिचं चित्र जोडणं सोपं. मोफत खात्यात प्रश्नांच्या एका संचात मोजकेच प्रश्न बसतात. एका तासिकेला दोन-तीनच घ्यावेत, त्यामुळे ते अडचणीचं वाटू नये.

प्रोजेक्टर असेल तर पडद्यावर प्रश्न दिसतो आणि कार्ड टिपलं गेलं की त्या मुलाच्या नावावर खूण उमटते, म्हणजे कोण राहिलं ते मुलंच सांगतात. वीज गेली तर प्रश्न फळ्यावर लिहा, फोनवर तोच निवडा आणि टिपा. इंटरनेट मात्र हवं. कॅमेरा सावकाश फिरवा. मुलं खिडकीला पाठ करून बसली असतील तर बाजूनं टिपा. एकच कार्ड पुन्हा टिपलं गेलं तर नंतरचं उत्तर धरलं जातं, म्हणून ‘खाली ठेवा’ म्हणेपर्यंत कार्ड हलवायचं नाही हा नियम आधी घटवून घ्या.

इथवरचं सगळं दोन-तीन तासिकांत हाताखाली येतं. अवघड आहे ते प्रश्न रचणं, आणि त्यात अ‍ॅप काडीची मदत करत नाही. २/३ + १/४ घ्या. पर्याय असे: ३/७, ३/१२, ११/१२, २/१२. ३/७ म्हणणाऱ्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. ३/१२ वाल्यानं छेद बारा केला, पण अंश तसेच ठेवले. २/१२ वाल्यानं सरळ गुणाकार केला. अ‍ॅपमधला उत्तरांचा आलेख बघताच समच्छेद कुणाला पुन्हा शिकवायचा ते कळतं. त्याऐवजी चुकीचे पर्याय म्हणून मनाला येतील ते आकडे टाकले, तर आलेख नुसता रंगीत दिसतो. शिवाय चार पर्यायांत डोळे मिटून निवडलं तरी चाळिसांतले सरासरी दहा जण बरोबर येतात, हे गुण मांडताना विसरू नये.

निकालाचं पुढं काय करायचं, याची एक चांगली रीत हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रुळवली. साधारण तीस ते सत्तर टक्के उत्तरं बरोबर असतील तर शिक्षकानं गप्प राहायचं, वेगळं उत्तर असलेल्या दोघांना एकमेकांना पटवू द्यायचं आणि पुन्हा मत घ्यायचं. त्याहून कमी असतील तर संकल्पना पुन्हा शिकवायची. प्लिकर्सवर हे छान जमतं, फक्त पहिल्या फेरीनंतर आलेख आणि बरोबर उत्तर पडद्यावर येऊ देऊ नका. बहुमत दिसलं की चर्चा संपते.

निबंध, पायऱ्यांची गणितं, प्रयोगाची मांडणी यांना हे साधन उपयोगाचं नाही. तिथं वहीच तपासावी लागते. घटक चाचणीचे गुणही यावरून देऊ नयेत, कारण कार्ड उलटं धरलेल्या मुलाचं चुकलं की त्याला येत नव्हतं, हे फोनला कळत नाही. पण तास सुरू असताना कुठं घोटाळा झालाय ते अर्ध्या मिनिटात दाखवणारं इतकं स्वस्त दुसरं साधन आमच्या पाहण्यात नाही. छापताना संच दोन काढा, वर्षभरात सात-आठ कार्डं हरवतातच.