पीएसएची ग्रेडिंग सेवा : नऊ आणि दहाच्या मधे पायरीच नाही

खेळाडूंची चित्रे असलेली आणि तत्सम संग्राह्य कार्डे तपासून त्यांना १ ते १० असा दर्जा देणाऱ्या कंपन्यांमध्ये अमेरिकेतील पीएसए हे सर्वांत परिचित नाव असून १९९१ पासून ती हे काम करीत आहे. कार्ड अस्सल आहे का, त्याच्या कडा कापलेल्या नाहीत ना, हे पाहून ते सीलबंद पारदर्शक स्लॅबमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या कडक आवरणात, घालून परत दिले जाते. कार्ड सुरक्षित राहावे आणि ते प्रत्यक्ष न पाहताही खरेदीदाराला भरवसा वाटावा, एवढ्यापुरती ही सेवा मला उत्तम वाटते. माझा आक्षेप आहे तो लेबलावरच्या आकड्याला.

हा आकडा ठरताना कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे छापील चित्र कार्डाच्या किती मध्यावर आहे, या गोष्टी पाहिल्या जातात. दहाच्या ग्रेडसाठी दर्शनी बाजूचे सेंटरिंग, म्हणजे समोरासमोरच्या दोन समासांचे प्रमाण, साधारण ५५-४५ लागते. नऊसाठी ६०-४० चालते. डाव्या-उजव्या समासांची बेरीज ६ मिलिमीटर धरली, तर पहिल्या मर्यादेवर मोठा समास ३.३ मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्या मर्यादेवर ३.६. हा ०.३ मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना जाणवणेही कठीण आहे.

किमतीतला फरक मात्र कोणालाही दिसतो. १९८६-८७ च्या फ्लीअर कंपनीच्या संचातील बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे ५७ क्रमांकाचे कार्ड घ्या. त्याच्या रंगीत कडेवरचा रंग टाचणीच्या टोकाएवढा जरी उडाला, तरी आतला पांढरा कागद उघडा पडतो, आणि या संचात सेंटरिंग बिघडलेली कार्डेही भरपूर आढळतात. त्यामुळे दहा ग्रेडच्या प्रती शेकड्यांत, तर नऊच्या हजारांत आहेत. जानेवारी २०२१ मध्ये दहाची प्रत ७,३८,००० डॉलरला विकली गेली. हा त्या काळच्या तेजीचा कळस होता हे खरे, पण नऊच्या प्रतीला दहाच्या कित्येक पट कमी भाव मिळतो, ही स्थिती आजही बदललेली नाही.

पीएसएने २००८ मध्ये अर्ध्या गुणांच्या ग्रेड सुरू केल्या, परंतु त्या ८.५ पाशी थांबतात. पाच आणि सहा यांच्या मधे, जिथे किमतीतली तफावत तुलनेने किरकोळ असते, तिथे पायरी आहे. आणि जिथे केसाएवढ्या फरकावर मोठमोठ्या रकमा फिरतात, तिथे ती नाही. ९.५ ची ग्रेड व्यवहारात चालत नाही, असे म्हणायलाही जागा उरलेली नाही, कारण १९५२ चे टॉप्स कंपनीचे, बेसबॉलपटू मिकी मँटलचे कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेले, ते एसजीसी या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीने दिलेल्या ९.५ ग्रेडवरच. बेकेट ही आणखी एक ग्रेडिंग कंपनी तर चारही निकषांचे गुण लेबलावर वेगवेगळे छापते. पीएसएच्या लेबलावर एकच आकडा असल्याने आपले कार्ड कोपऱ्यामुळे अडले की सेंटरिंगमुळे, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून पाठवण्यापूर्वी कार्ड तिरप्या प्रकाशात भिंगाखाली पाहावे आणि चारही समास मोजावेत. शुल्क कार्डाच्या किमतीनुसार आकारले जाते, तेव्हा नऊ ग्रेड मिळाली तरी खर्च परवडेल, असा हिशेब आधीच करावा. संग्रहासाठी विकत घेणाऱ्यांनी मात्र दहाच्या मागे न लागता उत्तम सेंटरिंग असलेले नऊचे कार्ड निवडावे. दोन्ही स्लॅब शेजारी ठेवले तर बहुतेकांना फरक लेबल वाचूनच सांगता येईल.