ए३२०निओ की ७३७ मॅक्स: एअरलाइनने विमान निवडताना काय तोलायचं

दीडशे ते सव्वादोनशे आसनांचं, मधे एकच वाट असलेलं जेट घ्यायचं असेल तर भारतीय एअरलाइनपुढे खरे पर्याय दोनच आहेत: एअरबसचं ए३२०निओ कुटुंब आणि बोइंगचं ७३७ मॅक्स. एअरबसचं ए२२० चांगलं विमान आहे, पण एक माप लहान. चीनचं सी९१९ मे २०२३पासून चायना ईस्टर्न उडवते, पण २०२५ संपेपर्यंत युरोप-अमेरिकेचं प्रमाणपत्र त्याला मिळालेलं नव्हतं.

बहुतेक तुलना इंधनाच्या टक्केवारीपासून सुरू होतात. त्या टक्केवारीवर निर्णय करू नका. एअरबसने डिसेंबर २०१०मध्ये निओ, म्हणजे नव्या इंजिनांचं ए३२०, जाहीर केलं. जुलै २०११मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ४६० विमानांची ऑर्डर दोघांत वाटली, २६० एअरबसला आणि २०० बोइंगला. तेव्हा बोइंगने अगदी नवं विमान काढण्याचा विचार सोडून ७३७लाच नवी इंजिनं बसवायचं ठरवलं, तेच मॅक्स. दोन्ही विमानं आपापल्या आधीच्या पिढीपेक्षा साधारण १४-१५ टक्के इंधन वाचवतात. उरलेला फरक इतका थोडा आहे, की मार्गाची लांबी किंवा आसनांची मांडणी बदलली की पारडं फिरतं. खरा फरक पडतो तो इंजिन, डिलिव्हरीची तारीख आणि आपल्याकडे आधीपासून असलेला ताफा यांमुळे.

सांगाडा

७३७ पहिल्यांदा उडालं एप्रिल १९६७मध्ये. सामान हातानेच चढवता यावं, प्रवाशांना लहान शिडी पुरावी, म्हणून ते जमिनीलगत ठेवलं होतं. आजही मॅक्सला तीच उंची नडते. मॅक्सच्या लीप-१बी इंजिनाचा पंखा सुमारे १७६ सेंटिमीटरचा आहे. निओवरच्या लीप-१एचा १९८, तर प्रॅट अँड व्हिटनीच्या जीटीएफचा सुमारे २०६ सेंटिमीटरचा. १७६चा पंखा बसवण्यासाठीसुद्धा बोइंगला इंजिन पुढे आणि वर सरकवावं लागलं, नाकाखालचं चाक सुमारे २० सेंटिमीटरने लांबवावं लागलं. त्यामुळे नाक फार वर गेल्यावर विमान वेगळं वागू लागलं. ते सावरायला घातलेली, नाक आपोआप खाली दाबणारी एमकॅस ही प्रणाली एकाच सेन्सरवर विसंबून होती. ऑक्टोबर २०१८मध्ये लायन एअरचं आणि मार्च २०१९मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं विमान कोसळलं, ३४६ माणसं गेली. सुधारित एमकॅस दोन सेन्सर ताडून पाहते आणि वैमानिकावर मात करू शकत नाही. अपघातांनंतर मॅक्सवर घातलेली बंदी भारताने ऑगस्ट २०२१मध्ये उठवली.

आमच्या मते आज एमकॅसच्या कारणावरून मॅक्स नाकारणं बरोबर नाही. काळजी कारखान्याची करा. जानेवारी २०२४मध्ये अलास्का एअरलाइन्सच्या मॅक्स ९चं दाराच्या जागी बसवलेलं झाकण हवेतच उडालं, कारण त्याचे चार बोल्ट बसवलेच नव्हते. त्यावर अमेरिकी नियामकाने महिन्याला ३८ विमानं बांधण्याची मर्यादा घातली. ती ऑक्टोबर २०२५मध्ये ४२ झाली. म्हणजे तुमची डिलिव्हरी कधी होणार हे एकट्या बोइंगच्या हातात नाही.

ए३२०ची केबिन ३.७० मीटर रुंद, ७३७ची ३.५४. सोळा सेंटिमीटर सहा आसनांत वाटले की प्रत्येकाला जेमतेम इंचभर जागा जास्त मिळते. तिकीट काढताना प्रवासी त्यासाठी वेगळे पैसे मोजत नाही. पंखांचा पसारा दोन्हींचा ३६ मीटरच्या आत, म्हणून गेटही एकाच मापाचं लागतं.

आसनं आणि पन्नासाचा हिशेब

इंडिगोच्या ए३२०निओत १८६ आसनं असतात, अकासाच्या मॅक्स ८मध्ये १८९. जवळजवळ बरोबरी. नियमाप्रमाणे दर ५० आसनांमागे एक केबिन क्रू लागतो, म्हणजे दोन्हीकडे चार. इथे मॅक्सची एक आवृत्ती उपयोगी पडते. साध्या मॅक्स ८ला आपत्कालीन दारांमुळे १८९च्या वर जाता येत नाही. मॅक्स ८-२००ला पंखामागे दारांची जादा जोडी आहे. त्यात १९७ आसनं बसवली तरी क्रू चारच राहतो. छोट्या टप्प्यांवर कमी भाड्यात विमान भरणाऱ्या कंपनीसाठी हे गणित फार चांगलं आहे.

त्याच्या वर गेलात की मात्र बोइंग मागे पडतं. ए३२१निओत कमाल २४४ आसनं बसतात, आणि इंडिगो २२२-२३२ बसवते. क्रू पाच लागतात, पण दर आसनी खर्च उतरतो. याला थेट उत्तर म्हणजे मॅक्स १०, आणि त्याला २०२५ संपेपर्यंत प्रमाणपत्र मिळालेलं नव्हतं. लांब पल्ल्याच्या ए३२१एक्सएलआरला, सुमारे ८,७०० किलोमीटरच्या, बोइंगकडे तोडच नाही.

मुंबईहून उडणाऱ्याने हा मुद्दा सगळ्यांत आधी घ्यावा. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. जास्त फेऱ्या मिळत नसतील तर आहे त्या फेरीला मोठं विमान लावणं एवढंच हातात उरतं. पुण्याचं वेगळं. धावपट्टी सुमारे अडीच किलोमीटरची, उंची समुद्रसपाटीपासून जवळपास ५९० मीटर. मे महिन्यात भर दुपारी पूर्ण भरलेलं लांब विमान किती वजन घेऊन उठेल, याचा ४० अंश तापमानाचा तक्ता दोन्ही कंपन्यांकडून लेखी मागा. माहितीपुस्तिकेतले आकडे समुद्रसपाटीचे, १५ अंशांचे असतात.

इंजिन

मॅक्स घेतलं की लीप-१बी, दुसरा पर्याय नाही. निओला दोन आहेत: सीएफएम या इंजिन कंपनीचं लीप-१ए किंवा प्रॅटचं जीटीएफ. पर्याय असला की किमतीत घासाघीस करता येते. चुकीचं निवडलं तर त्याचा फटकाही तितकाच मोठा.

जीटीएफमध्ये पंखा आणि टर्बाइन यांच्यामध्ये गिअर आहे. पंखा सावकाश, टर्बाइन वेगात, म्हणून इंधन कमी आणि आवाजही कमी. कागदावर हेच सरस होतं. मग एकेक दोष वर आले. उतरल्यावर इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे रोटर, वरून गरम, खालून थंड असा असमान निवतो आणि किंचित वाकतो. पुन्हा सुरू करताना तो सरळ होईपर्यंत मंद फिरवत ठेवावा लागे. २५-३० मिनिटांत विमान परत उडवणाऱ्या कंपनीला ही मिनिटं परवडत नाहीत: दर फेरीला तीन मिनिटं धरली तरी सहा फेऱ्यांत १८ मिनिटं गेली. हे बऱ्याच अंशी सुधारलं. पण जुलै २०२३मध्ये कळलं, की २०१५ अखेर ते २०२१ या काळात बनलेल्या इंजिनातल्या फिरत्या चकत्यांच्या धातूच्या भुकटीत अशुद्धी होती. इंजिनं काढून तपासायची, आणि एक इंजिन परत पंखाखाली यायला २५०-३०० दिवस लागतील असा खुद्द कंपनीचाच अंदाज होता. इंडिगोची सत्तरहून जास्त विमानं एका वेळी उभी राहिली. गो फर्स्टची जवळपास निम्मी तर त्याआधीच उभी होती. मे २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना तिने जाहीर दोष इंजिनांना दिला. इंडिगोने २०१९मध्येच पुढच्या २८० विमानांसाठी लीप निवडलं होतं, म्हणून ती तगली.

लीप निर्दोष आहे असं मात्र नाही. उष्ण, धुळीच्या हवेत त्याच्या उच्चदाब टर्बाइनची पाती लवकर झिजतात. लीप-१एसाठी सुधारित संच डिसेंबर २०२४मध्ये प्रमाणित झाला. तो संच नव्या इंजिनात बसून येणार का, हे करारातच लिहून घ्या. जीटीएफ घेणार असाल तर फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेल्या अ‍ॅडव्हान्टेज आवृत्तीच्या खाली तडजोड करू नका.

तारीख, माणसं, कागद

एअरबसची रांग लांब आहे. आज नव्याने सही करणाऱ्याला या दशकातली जागा मिळणं कठीण. विमान लवकर हवं असेल तर भाड्याने घ्यायचं, नाहीतर बोइंगकडे दुसऱ्यासाठी बांधून न उचललेली विमानं आहेत का ते पाहायचं. एअर इंडिया एक्स्प्रेसने हेच केलं. चिनी कंपन्यांसाठी बांधलेली मॅक्स विमानं तिला झटपट मिळाली, पण आत बिझनेस क्लासच्या खुर्च्या होत्या आणि नंतर केबिन बदलावी लागली. हा खर्च आणि विमान उभं राहण्याचे दिवस किमतीत धरूनच सौदा करा.

वैमानिक भारतात ए३२०चे अधिक मिळतात, पण त्यांच्यासाठी स्पर्धाही इंडिगो आणि एअर इंडियाशी आहे. ज्यांच्याकडे आधीच ए३२० आहेत, त्यांनी फक्त सवलत मिळते म्हणून मॅक्स आणू नये. दोन प्रकार म्हणजे दोन सिम्युलेटर, सुट्या भागांची दोन कोठारं, आणि एकाचा वैमानिक आजारी पडला तर दुसऱ्याचा चालत नाही. दोन प्रकार पोसायचे तर प्रत्येकी निदान ४०-५० विमानं हवीत, असं आमचं मत. नव्याने सुरू करणाऱ्या कंपनीने छोट्या टप्प्यांसाठी मॅक्स ८-२०० निर्धास्त घ्यावं. मुंबई-दिल्लीसारखे गच्च मार्ग किंवा पश्चिम आशियापलीकडची झेप मनात असेल तर ए३२१निओसाठी थांबावं.

छापील किमतीला अर्थ नाही, मोठे ग्राहक जवळपास निम्म्यात घेतात. भांडायचं ते चार कलमांवर: महागाईनुसार किंमत किती टक्क्यांपर्यंत वाढेल याची वरची मर्यादा, उशीर झाल्यास दर दिवसाची भरपाई, इंधनखर्चाची हमी, आणि इंजिन दोषाने विमान उभं राहिलं तर किती दिवसांत सुटं इंजिन देणार. शेवटचं कलम विमान बनवणाऱ्या कंपनीच्या करारात नसतं. ते इंजिन कंपनीशी वेगळं करावं लागतं, आणि विमानाच्या करारावर सही होण्याआधीच, कारण नंतर तुमच्या हातात दबाव उरत नाही.